लहान स्टुडिओची डिस्क

१

कुलपं काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे इतरांच्या आधी तिलाच ठाऊक होतं.

ही कुलपं लोखंडी नव्हेत. मोठ्या कचेऱ्यांच्या थंडगार खोल्यांत डिस्कांनी भरलेली कपाटं असतात, त्यांच्यावरची ही कुलपं. अशा कपाटातल्या खऱ्या डिस्क बोटांवर मोजता येतात, पण त्यांचे वाटे पाडून हव्या तेवढ्या आभासी डिस्क तयार करता येतात. प्रत्येकीच्या दारावर एक नियम पहारेकऱ्यासारखा बसवलेला असतो: ही डिस्क फक्त अमक्या मशीनला दिसावी, बाकीच्यांना ती आहे याचा वाससुद्धा लागू नये. पुढे नियम लावणारे नोकरी सोडून जातात, मशीन भंगारात जातात, आणि नियम मात्र राजा मेला तरी उभ्या राहिलेल्या शिपायासारखे दारात उभेच. मग हिला बोलावणं येतं. काळ्या पडद्यावर चार कमांड लिहून ती शिपायाला घरी पाठवते. धंद्यातले लोक तिला 'चावी' म्हणत. घरी नवरासुद्धा चिडवायचं असलं की तेच म्हणे.

या वेळचं काम एका रेडिओ केंद्राचं होतं. केंद्र नव्या जागेत चाललं होतं आणि जुनी इमारत शनिवारी रिकामी करून द्यायची होती. नाटकं, भाषणं, गाणी, मुलाखती, सगळं एका जुन्या कपाटात होतं. ते नव्या मशीनवर उतरवून घ्यायचं, की कपाटाचा निकाल.

"प्रत्येक डिस्कच्या नियमात नव्या मशीनचं नाव वाढवणार का?" केंद्राच्या व्यवस्थापकांनी विचारलं. त्यांना सगळे साहेब म्हणत. साहेबांच्या टेबलावर खोक्यांचा डोंगर झाला होता आणि ते त्यामागून मान उंच करून बोलत होते.

"नाव कशाला वाढवू? नियमच काढून टाकते सरसकट. एक घाव दोन तुकडे."

"म्हणजे मग सगळ्यांना सगळं दिसणार?"

"केंद्राच्या जाळ्यात जोडलेल्या सगळ्या मशीनना दिसेल. दिसू दे की. चार दिवसांनी कपाटच राहणार नाही. तुमची कौटुंबिक श्रुतिका चोरायला कोण टपून बसलंय, साहेब?"

साहेब हसले. चावी कामाला लागली. खुर्ची ओढली, केस वर बांधले आणि एकेका डिस्कचा नियम पडद्यावर बोलावून उडवायला सुरुवात केली. मशीन दर वेळी विचारायचं, नक्की काढू? ती म्हणायची, हो. काम करताना ती स्वतःशी गुणगुणत असे. आजही गुणगुणत होती.

एका डिस्कपाशी ती थांबली. डिस्क अवाढव्य होती, जवळजवळ काठोकाठ भरलेली. आणि परवानगी फक्त एका मशीनला होती: लहान स्टुडिओ.

"हा लहान स्टुडिओ कुठं आहे?"

"बंद आहे तो," साहेब म्हणाले. "बोळाच्या टोकाला. कित्येक वर्षांत कोणी वापरला नाही."

मशीन अजून तिथं असेल तर तेही न्यावं लागेल, म्हणून ती बघायला गेली. बोळाच्या टोकाला जाड दार होतं, त्यामागे आणखी एक. आत भिंतींना छतापर्यंत करडा स्पंज. एक टेबल, एक खुर्ची, बाजूच्या भिंतीत नियंत्रण कक्षाकडे उघडणारी दुहेरी काच. मशीन नव्हतं. टेबलाखाली एका वायरचं कापलेलं टोक तेवढं लोंबत होतं.

"इथं तर काहीच नाही," ती मोठ्यांदा म्हणाली. स्पंजानं शब्द असे गिळले की आपण बोललो की नुसतं मनात म्हणालो, हेच तिला कळेना.

ती परत आली आणि त्या डिस्कचा नियम काढला. नक्की काढू? हो.

कपाटावरचा एक हिरवा दिवा लुकलुकत होता. त्या डिस्कवर काहीतरी लिहिलं जात होतं. कॉपी सुरू झाली असेल, असं तिला वाटलं. मग आठवलं की कॉपीची कमांड तिनं अजून दिलेलीच नाही.

२

जुन्या मशीनवर असं होतं. कोणीतरी कधीकाळी वेळापत्रक लावून ठेवलेलं असतं आणि ते बैलाच्या सवयीनं घाणा ओढत राहतं. चावीनं असे घाणे पुष्कळ पाहिले होते. तिनं डिस्क उघडली.

आत एकच फाइल होती. आवाजाची. इतकी लांब की सलग ऐकायची तर माणूस ऐकता ऐकता म्हातारा व्हावा. तिनं हेडफोन चढवले आणि मधूनच कुठूनतरी लावली.

शांतता. मग पुढे सरकवलं. शांतता. पण कोरी नव्हे. हिला पोत होता. खूप जाड कापडाआडून कोणीतरी हात फिरवावा, तसं काहीतरी त्यात सतत होतं आणि नव्हतं.

"ही नानांची करामत असणार," साहेब म्हणाले. "आमचे जुने ध्वनिमुद्रक. फार नावाजलेला माणूस. ते सगळ्या खोल्यांचे आवाज टिपून ठेवत."

"रिकाम्या खोलीचा कसला आवाज?"

"प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे. मुलाखतीतला एखादा खोकला कापला, की त्या जागी त्याच खोलीची शांतता भरायची. दुसऱ्या खोलीची भरली तर ठिगळ कळतं. नानांना लगेच कळायचं. पुढे बिचाऱ्यांचे कानच गेले."

चावीला ही गोष्ट आवडली. संध्याकाळी नवऱ्याला सांगायची म्हणून तिनं ती मनात ठेवून दिली. आणि फाइल कुठं संपते ते बघावं म्हणून अगदी शेवटाकडे गेली.

शांतता. मग एक दार उघडल्याचा दबका आवाज. दुसरं दार. पावलं. आणि कानाशी, स्वच्छ: "इथं तर काहीच नाही."

तिचाच आवाज होता. मघाचा.

ती घाबरली नाही. ती घाबरणाऱ्यांतली नव्हतीच. तिला पहिल्यांदा आला तो राग. म्हणजे त्या खोलीत कुठंतरी मायक्रोफोन आहे, चालू आहे, आणि तिला, चावीला, तो दिसला नाही! तिनं साहेबांना टॉर्च घेऊन सोबत चलायला सांगितलं. दोघांनी टेबल उलटं केलं, स्पंज दाबून पाहिला, दिव्याची बैठक उघडली. कापलेल्या वायरचं दुसरं टोक शोधत गेले तर ती भिंतीत वीतभर जाऊन तिथंही कापलेली.

"भिंतीला कान असतात म्हणतात," साहेब हात झटकत म्हणाले, "ते हेच असावेत."

ती हसली. पण जागेवर येऊन तिनं ती शेवटची मिनिटं पुन्हा ऐकली. तिचं वाक्य. तिची परतणारी पावलं. आतलं दार बंद झालं, बाहेरचं दार बंद झालं. मग शांतता. आणि मग, अगदी जवळ, एखाद्यानं बराच वेळ रोखून धरलेला श्वास हळूच सोडावा, तसा आवाज.

स्पंज, ती स्वतःशी म्हणाली. दार लागलं की हवा दाबली जाते, आणि स्पंज ती हळूहळू सोडतो. यात न समजण्यासारखं काय आहे?

नियम काढलेलाच राहिला. काम सोडून निघताना तिनं घरच्या जुन्या संगणकालाही केंद्राच्या जाळ्यात जोडून घेतलं. कॉपी कुठवर आली ते घरून बघता आलं म्हणजे झालं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डिस्कवर एक नव्हे, पुष्कळ फाइली होत्या. एकीलाही नाव दिलेलं नव्हतं. सगळ्या वाढत होत्या.

तिनं पहिली लावली. पाणी गळणारा नळ, मग पहारेकऱ्याचा कायमचा खोकला. म्हणजे खालचं प्रवेशद्वार. दुसऱ्या फाइलीत चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आणि साहेबांचं पुटपुटणं. साहेबांची खोली. तिनं मान वर करून त्यांच्या खोलीच्या काचेतून पाहिलं. साहेब खोक्याला पट्टी लावतच होते. त्यांच्या संगणकाला साधा मायक्रोफोनसुद्धा नव्हता, हे तिनंच कालच त्यांना चिडवून सांगितलं होतं.

एव्हाना दुसऱ्या कोणीही हेडफोन काढून ठेवले असते. चावीनं खुर्ची आणखी पुढे घेतली. आता तिला यातलं सूत्र सापडू लागलं होतं, आणि सूत्र सापडलं की तिला भीतीबिती वाटत नसे. जोपर्यंत नियम होता, तोपर्यंत डिस्क फक्त लहान स्टुडिओला दिसत होती आणि आवाजही फक्त तिथलाच येत होता. नियम काढला, डिस्क सगळ्यांना दिसू लागली, आणि जिथं जिथं मशीन आहे तिथला आवाज येऊ लागला. दोरीची दोन टोकं असतात. आपण इतकी वर्षं एकाच टोकाकडून बघत आलो, एवढंच.

हे वाक्य तिला स्वतःलाच इतकं पटलं की पुढची फाइल तिनं जवळजवळ उत्साहानं लावली.

फ्रिजची घरघर. ती थांबताना होणारी छोटी उचकी. भांड्यावर भांडं. बाल्कनीच्या दाराची कडी वाऱ्यानं दोनदा वाजली, आणि दुसऱ्यांदा वाजताना जरा अडखळली.

स्वतःचं घर माणूस डोळ्यांनी ओळखतो त्याहून लवकर कानांनी ओळखतो. ती कडी दुरुस्त करून घे म्हणून तिनं नवऱ्यामागे किती दिवस टुमणं लावलं होतं.

"हो का?" सासूबाईंचा आवाज आला. मग त्या थांबल्या. "अगं, पण तू म्हणतेस ते कुठं ठेवलंय, ते मला कसं कळणार?" पुन्हा थांबल्या, जरा जास्त वेळ. "नाही, तो गेला कामावर. मी एकटीच आहे. सांगितलं ना मघाशी, एकटीच आहे."

सासूबाईंना स्वतःशी बोलायची सवय होती. कुंड्यांशी बोलत, दुधाशी बोलत, ऊतू गेलं तर दुधाला रागे भरत. घरात सगळे त्यावरून थट्टा करत. पण कुंडीशी बोलताना माणूस उत्तराची वाट बघत नाही. सासूबाई प्रत्येक वाक्यानंतर थांबत होत्या. आणि त्या मधल्या वेळात कोणीही काही बोलत नव्हतं. होती ती लहान स्टुडिओची शांतता. जाड कापडाआडून हात फिरवल्यासारखी. स्वयंपाकघराच्या आवाजाला लावलेलं ते ठिगळ चावीलासुद्धा कळलं.

४

"आई, कोण आलंय घरी?"

"कोणी नाही गं." फोनवर सासूबाईंचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. "कोण येणार या वेळी? का गं?"

"तुम्ही कोणाशी बोलत होतात मघाशी?"

"तुझ्याशीच की! त्या संगणकातून तूच बोलत होतीस ना? मला वाटलं नवीन काहीतरी बसवलंयस."

चावीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "मी काय म्हणत होते?"

"काय म्हणणार? इथं तर काहीच नाही, इथं तर काहीच नाही. सारखं तेच. मी म्हटलं, काय हरवलंय ते तरी सांग, म्हणजे शोधते."

तिला एकदम हायसं वाटलं. सरळ होतं की! डिस्क घरच्या संगणकालाही दिसत होती, त्यानं फाइल आपोआप वाजवली. कालचं तिचं वाक्य वाजलं, पुन्हा पुन्हा वाजलं. यापेक्षा विचित्र गोष्टी त्या डबड्यानं केल्या होत्या.

"आई, तो संगणक बंद करा. मागचं बटण."

"बंदच आहे. तुझा आवाज खरखरायला लागला म्हणून मीच मघाशी पिन काढली. तरी बोलत राहिलीस." सासूबाई जरा थांबल्या. "आणि आवाज तिथून येतच नव्हता, खरं सांगू का? तुमच्या आतल्या खोलीतून येत होता. मी म्हटलं, असेल एखादा भोंगा लावलेला."

"आई."

"काय गं?"

"चपला घाला आणि शेजारी जाऊन बसा. मी सांगेपर्यंत घरात जाऊ नका."

"गॅस गळतोय की काय?"

"हो," चावी म्हणाली. सासूबाईंशी ती कधी खोटं बोलली नव्हती. हे इतक्या चटकन जमलं याचंच तिला आश्चर्य वाटलं.

हेडफोन गळ्यातच होते. त्यातून तिला फोन ठेवल्याचा आवाज आला, चपला, दार, कुलूप. घर रिकामं झालं. फ्रिजची उचकी. आणि मग रोखलेला श्वास सोडल्याचा तो आवाज.

तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतींना स्पंज नव्हता.

५

नाना त्याच सकाळी आले. साहेबांनी निरोप धाडला होता, तुमचं काही सामान राहिलं असेल तर घेऊन जा. किडकिडीत म्हातारा, दोन्ही कानांत यंत्रं, इस्त्रीचा सदरा. ते समोरच्याच्या ओठांकडे बघत बोलणं समजून घेत. चावीनं त्यांना खुर्ची दिली आणि नीट ओठ हलवून विचारलं, "नाना, लहान स्टुडिओच्या डिस्कवर नियम तुम्ही लावला होता?"

नानांनी आधी पडद्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"काढलास?"

"काढला."

ते रागे भरले नाहीत. मग म्हणाले, "परत लाव. नाव घातल्याशिवाय लावता येत नाही, ठाऊक आहे ना? एक तरी मशीन लागतं. आणि ते मशीन रिकाम्या खोलीत ठेवायचं. माणसांत नाही."

"मी डिस्कच पुसून टाकते."

"डिस्क पुसशील. ऐकणाऱ्याला कशी पुसशील? त्याला जागा राहणार नाही, एवढंच होईल. मग तो कुठं जाईल?"

"कोण, नाना?"

म्हाताऱ्यानं खांदे उडवले. "मी नाव विचारलं नाही कधी. कान चांगले होते तोवर मला ती शांतताच वाटायची, बाळ. पोती भरभरून टिपली. कान जायला लागले आणि माझं मलाच नीट ऐकू येईना, तेव्हा लक्षात आलं की समोर कोणीतरी मन लावून ऐकतंय. मी ऐकायचं थांबलो की तो थांबत नाही."

एरवी हे कोणी सांगितलं असतं तर चावीनं त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण तिच्या कानात अजून तो श्वास होता. तिनं काहीच वाद घातला नाही. आजवर प्रत्येक कुलपाला तिनं एकच प्रश्न विचारला होता, हे काढायचं कसं? आज प्रश्न उलटा होता, आणि त्याचंही उत्तर तिला येत होतं. एवढं तिला पुरेसं होतं.

"माझा लॅपटॉप चालेल?"

"चालेल. मग तो पुन्हा तुझा म्हणू नकोस."

६

बोळातून जाताना तिनं गुणगुणायचं टाळलं.

लहान स्टुडिओत तिनं लॅपटॉप टेबलावर ठेवला, विजेला जोडला, उघडाच ठेवला. एक शब्द बोलली नाही. श्वाससुद्धा बेतानं घेतला. परत निघताना पाठ दाराकडे करून चालावं की खोलीकडे, हे ठरवायला तिला नको तेवढा वेळ लागला. शेवटी ती खोलीकडे तोंड ठेवून उलट्या पावलांनी बाहेर आली. दोन्ही दारं लावली आणि शेजारच्या नियंत्रण कक्षात गेली. तिथला जुना संगणक अजून उचलला नव्हता. त्याच्या पडद्यामागे दुहेरी काच, काचेपलीकडे तीच खोली: टेबल, खुर्ची, लॅपटॉपचा निळसर उजेड.

तिनं कमांड लिहिली. या डिस्कला नियम लाव. परवानगी: फक्त हा लॅपटॉप. बटण दाबण्याआधी तिनं पुन्हा एकदा वाचली, अक्षरन् अक्षर, कारण अशा वेळी एक चुकलेलं अक्षर महागात पडतं.

वाचून मान वर केली, तर काचेवर वाफ धरलेली दिसली.

तळहाताएवढा डाग होता. तिनं बाहीनं पुसला. गेला नाही. डाग पलीकडच्या बाजूनं होता. गोल नव्हता. एका कडेला वळलेली पाळी, आत एक घडी, खाली गालाचा चपटा भाग. काचेला कोणीतरी कान लावून उभं राहिलं की उमटेल तसा. खोलीत टेबल होतं, खुर्ची होती, आणि कोणी नव्हतं.

चावी एक पाऊल डावीकडे सरकली.

डाग कडांकडून विरत गेला. आणि ती जिथं येऊन उभी होती, बरोबर तिच्या तोंडासमोर, काचेवर दुसरा कान हळूहळू उमटू लागला.

तिनं काचेवरची नजर न काढता हात लांब केला आणि बटण दाबलं. मशीननं विचारलं, नक्की लावू? ती तोंडानं काही म्हणाली नाही. उत्तराची कळ तिला न बघता सापडली.

पडद्यावर फाइली एकेक करून थांबल्या. प्रवेशद्वार थांबलं. साहेबांची खोली थांबली. तिचं स्वयंपाकघर सर्वांत शेवटी थांबलं, ऐकायचं अर्धवट सोडून कोणीतरी नाइलाजानं उठावं तसं. एक फाइल तेवढी वाढत राहिली.

काचेकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही. बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला. घरी जा, सगळ्या खोल्या नीट बघ आणि मग आईंना शेजारून परत आण, म्हणाली. तासाभरानं त्याचा फोन आला. घरात काही नव्हतं. गॅसही गळत नव्हता. सासूबाईंनी फोन मध्येच ओढून घेतला आणि शेजारणीकडच्या गप्पांचा सगळा वृत्तान्त सांगितला. चावी हूं हूं करत ऐकत राहिली. तो आवाज इतका गोड लागेल असं तिला आदल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर ती हसली असती.

७

राहिला प्रश्न शनिवारचा. इमारत रिकामी होणार होती, आणि नव्या मालकाचे लोक त्या खोलीत काय बसवणार, कोण जाणे.

"तो लॅपटॉप माझ्याकडे आणून ठेव," नाना म्हणाले. ते रोज येऊन नियंत्रण कक्षात बसत होते. काचेकडे तोंड करून.

"तुमच्या गळ्यात कशाला, नाना? तुम्हीच म्हणालात, माणसांत नको."

"मी एकटा माणूस म्हणजे काय माणसांत झालो? ही जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा लांब. घरात बोलणं असं नाहीच." त्यांनी कानातलं एक यंत्र काढून हातात खेळवलं. "तुला म्हणून सांगतो. शेवटी शेवटी मी या खोलीत येऊन बसायचो आणि दिवसभराचं सगळं सांगायचो. हिच्या दुखण्यातलं तर सगळंच. इतकं लक्ष देऊन माझं कोणी ऐकलं नाही. बायकोनंही नाही."

हे चांगलं की वाईट, चावीला ठरवता आलं नाही. तिनं दुसऱ्या जागा मनाशी चाळून पाहिल्या. मित्राचं गोदाम, नवऱ्याच्या कचेरीतली अडगळ. प्रत्येक ठिकाणी कधीतरी कोणीतरी येऊन दोन शब्द बोलणारच होतं. नानांना निदान ठाऊक होतं. आणि त्यांना हवं होतं.

शनिवारी दुपारी, कपाट उचलायला माणसं येण्याआधी, तिनं ती डिस्क तिच्या नियमासकट लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली. परवानगी पुन्हा तपासली. एकच नाव. बाकीचं सगळं एव्हाना नव्या मशीनवर उतरलं होतं; कपाट तिनं स्वतः पुसलं. साहेबांनी हात जोडून आभार मानले, नव्या जागेतही तुम्हालाच बोलावू म्हणाले. "बोलवा की," ती म्हणाली, "पण त्या वेळी नियम एकेक बघूनच काढेन."

लॅपटॉप चालूच ठेवून तिनं कापडी पिशवीत घातला आणि गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला. बाहेर लख्ख ऊन होतं. रस्त्याच्या पलीकडे कोणीतरी गाडी धूत होतं. तिनं गाडी सुरू केली.

टिंग, टिंग, टिंग. समोर लाल दिवा लागला. सीटवर बसलेला छोटा माणूस आणि त्याच्यावर तिरकी रेघ. शेजारच्यानं पट्टा लावलेला नाही.

पिशवीचं वजन. होतं असं. बाजारातून आणलेल्या सामानालाही गाडी माणूस समजते. तिनं पिशवी उचलली आणि मागे, पायाशी ठेवली.

टिंग, टिंग, टिंग.

तिनं थोडं थांबून पाहिलं. दिवा जाईना. सीटच्या कापडावर दाब पडून खळगी झाली होती, ती अजून तशीच होती. पिशवी काही एवढी जड नव्हती.

बाहेर पडून धावत सुटावं असं तिच्या पायांना वाटलं असेल, पण तिनं पायांचं ऐकलं नाही. ती वाकली, हात लांब केला आणि पलीकडचा पट्टा धरून ओढला. रिकाम्या सीटवरून आणताना लागावा त्यापेक्षा तो बराच जास्त ओढावा लागला. तिनं तो खाचेत बसवला. कट्.

आवाज थांबला. दिवा गेला.

तिनं आरसा नीट केला, मागची वाहनं बघितली, आणि गाडी अलगद रस्त्यावर घेतली. नानांचं घर फार लांब नव्हतं.